दोन पिढ्यांचे दोन पी.ओ.पी. कलावंत

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. मी अमरावतीच्या त्या छोट्या संग्रहालयाच्या हॉलमध्ये जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि चित्रांखाली लावायच्या पट्ट्या कापत होते.

"माह्ये चित्रं उतरव," काका म्हणाले.

"काय झालं, काका?"

"उतरव म्हनलं ना. मी येत नाई. आन् मले आता फोन करजो नको."

फोन कट. मी लगेच परत लावला, तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. हातातली कात्री खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. भिंतीवर एक चित्र त्यांचं, एक माझं, पुन्हा एक त्यांचं, अशी रांग लागलेली होती. त्यांची उतरवली तर भिंतीवर काय उरणार होतं? पडलेल्या दातांच्या मधले दात.

पहिला विचार मनात आला तो हा की काकांना कुणीतरी सांगितलं. माझी चित्रं कशाची आहेत ते.

हे कळायला काका कोण ते आधी सांगायला हवं. माझं बालपण अकोल्यात गेलं. शाळेच्या रस्त्यावर एक सिनेमाचं थेटर होतं आणि त्याच्या मागच्या आवारात काका पडद्याएवढी बॅनरं रंगवत. हिरोइनचा एक डोळा माझ्या अख्ख्या उंचीचा असे. शाळा सुटली की मी कुंपणाशी उभी राहून तो डोळा पूर्ण होईस्तोवर बघत असे आणि घरी उशिरा गेल्याबद्दल मार खात असे. नात्यानं ते माझे कुणी नाहीत. पण इतकी वर्षं 'काका' म्हटल्यावर नातं वेगळं काय असतं?

अकोल्यात कुणी त्यांना 'पेंटर' म्हटलं की ते जागच्या जागी दुरुस्त करत. "पेंटर थो, जो दरवाजे रंगवते. मी आर्टिस्ट हाओ." आणि ते होतेच. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेऊन, परदेशी मासिकांतली पॉप चित्रं बघून ते गावी परतले होते. पॉप म्हणजे बाजारातल्या, भिंतीवरच्या, डब्यावरच्या रोजच्या चित्रांवरून केलेली चित्रं. पोटासाठी बॅनर आणि मनासाठी ही चित्रं, असा त्यांचा संसार होता. जुन्या बॅनरच्याच कापडावर ते काढत: सरकीच्या तेलाचा डबा कडेवर घेतलेली हिरोइन, स्टोव्हला पिन मारणारा पिस्तूलवाला खलनायक. तरुणपणी ही चित्रं नागपूर-मुंबईला लागली, थोडं नाव झालं. मग फ्लेक्स आलं.

फ्लेक्स आलं आणि बॅनर रंगवणाऱ्यांची गरज एका हंगामात संपली. काकांनी ब्रश बांधून माळ्यावर टाकले आणि पीओपीचं काम धरलं. पीओपी म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गणपती त्याचे, आणि घरातली नक्षीदार छतंही त्याचीच. अकोल्याच्या नव्या कॉलन्यांमध्ये जी गुलाबाची फुलं आणि राजहंस दिवाणखान्याच्या डोक्यावर बसले आहेत, त्यांतले कितीतरी काकांच्या हातचे. दहा-बारा वर्षं त्यांनी ते केलं, मग पुन्हा ब्रश हातात घेतले. त्याबद्दल ते अक्षर बोलत नसत. कुणी विषय काढला तर उठून जात.

म्हणून प्रदर्शनाला हो म्हणताना त्यांनी पहिली अट घातली. "थे छताचं काम कोठीच येऊ देजो नको. एका शब्दानं नाई."

"मग त्या वर्षांचं काय लिहू, काका?"

"झोपलो होतो म्हनून लिह."

मी लिहिलं, 'मधली काही वर्षं त्यांनी चित्रकला थांबवली होती.' तेही त्यांना आवडलं नव्हतं, पण चाललं.

आता माझं. मी अमरावतीत राहते, कोचिंग क्लासमध्ये आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेसाठी पोरांना चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात माझी चित्रं काढते. ती चित्रं फ्लेक्सची आहेत. चौकाचौकात लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स, गॉगल लावलेले भावी नगरसेवक, त्यांच्याखाली शुभेच्छुकांच्या तोंडांची ती रांग. आणि काम संपल्यावर तेच फ्लेक्स कापसाच्या गाडीवर, तुरीच्या ढिगावर, न्हाणीच्या आडोशाला कसे जातात ते. हे सगळं मी तेलरंगात, हातानं काढते. ज्या वस्तूनं काकांच्या हातचं काम गेलं, तीच मी भक्तिभावानं रंगवते. संग्रहालयाच्या संचालिका मॅडमना दोघांना एकत्र लावायची कल्पना सुचली ती नेमकी यावरूनच. एका बाजूला फ्लेक्सच्या आधीचा पॉप कलावंत, दुसऱ्या बाजूला नंतरची. कल्पना चांगली होती. फक्त त्या दोघांतल्या एकाला ती माहीत नव्हती.

मी सांगायला गेले नव्हते असं नाही. "काका, माझ्या चित्रांत फ्ले..." एवढं बोलले की त्यांनी हात वर केला. "चित्र का सांगाची गोष्ट हाय का? हॉलमधी पाहीन. नाई आवडले तर तेथंच तोंडावर सांगीन, सगळ्यायसमोर." त्यांचं तोंडावर सांगणं काय असतं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एका नामांकित चित्रकाराला त्यांनी भर सभेत 'रंग महाग हायेत बापू, वाया काहून घालवता' असं म्हटलं होतं. त्यामुळे प्रदर्शनाआधी मी महिनाभर एका क्षणाच्या धास्तीत होते. काका चित्रासमोर उभे राहतील, त्यांना फ्लेक्स दिसेल, आणि ते मला काय म्हणतील? दुसऱ्या कुणाच्या मताची मला इतकी पडलेली नव्हती. वर्तमानपत्रवाल्यांची तर मुळीच नव्हती.

तर फोन बंद झाल्यावर मला वाटलं, झालं, समजलं यांना. डोकं भणभणलं म्हणून मी बाहेर फाटकाशी आले. तिथं संग्रहालयाची माणसं प्रदर्शनाचा फ्लेक्स बांधत होती. नुकताच दुकानातून आला होता. अर्धा बांधलेला, अर्धा लोंबत. मी सवयीनं वाचला.

'दोन पिढ्यांचे दोन पी.ओ.पी. कलावंत.'

खाली काकांचा फोटो, माझा फोटो, मध्ये गुलाबाचं फूल. ते फूल दुकानदारानं आपल्या मनानं घातलं होतं.

मॅडमनी मजकूर देताना पॉप हा शब्द शोभेसाठी इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत टाकला होता. दुकानदारानं तीन मोठी अक्षरं पाहिली आणि त्याला माहीत होतं ते मराठीत लिहिलं. ध चा मा झाला तो असा. एरवी मी पोट धरून हसले असते. पण असाच दुसरा फ्लेक्स आदल्या दिवशीच बसच्या पार्सलनं अकोल्याला गेला होता. काकांच्या चौकात लावायला. ती कल्पना माझी. मला वाटलं होतं, काका सकाळी चहाला बाहेर पडतील आणि आपला फोटो चौकात बघून त्यांना बरं वाटेल.

मॅडम आल्या, त्यांनी वाचलं, कपाळाला हात लावला. "दुरुस्त करून मागवते. छापखान्याची चूक आहे, समजून घेतील ते."

"नाही घेणार," मी म्हणाले. "त्यांनी चित्रं उतरवायला सांगितली आहेत."

मॅडम शांतपणे बोलतात आणि तेच जास्त लागतं. "चित्रं त्यांची आहेत. ते म्हणाले तर उतरवावी लागतील. आणि मग प्रदर्शन होणार नाही. ही जोडी आहे, एकटीचं प्रदर्शन आमच्या विश्वस्तांनी मंजूर केलेलं नाही. पाहुणे संध्याकाळी येतील. तोवर त्यांना घेऊन या."

मी गाडी काढली. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं, आणि मी सगळ्या रस्त्याभर काकांशी मनातल्या मनात भांडत होते. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग भाड्यानं राहत नाही, मालकीनं राहतो, असं आमच्याकडे म्हणतात. मला दुकानदाराचा राग आला, मॅडमच्या इंग्रजी अक्षरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकांचा आला. एका चुकीच्या शब्दावरून माणूस इतक्या महिन्यांच्या कामावर पाणी ओततो? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. असं घोकत मी अकोल्यात शिरले, आणि त्यांच्या चौकात तो फ्लेक्स दिसला तसा माझा राग ओसरला.

तो बरोबर चहाच्या टपरीच्या वर होता. काका रोज जिथं बसतात तिथं. टपरीवाल्यानं मला ओळखलं, फोटो वरच तर होता. "आपले काका फेमस झाले बाप्पा! सकायपासून सारे म्हनून राहिले, छताचं काम करणाऱ्याले बी आता म्युझियममधी लावतात. मी म्हनलं, काका, आमच्या देवघराचं बी करून द्या एखांद्या दिवशी. तर चहा तसाच टाकून गेले. काहून गेले, काय मालूम."

मी पुढे गेले. दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट, सावकाश बोलणाऱ्या, सगळं समजून घेणाऱ्या. पण त्यांनीही मला आत ये म्हटलं नाही.

"तुमी असं कराले नव्हतं पाह्यजे," त्या म्हणाल्या.

"काकू, दुकानदारानं चुकून छापलं. आईशप्पथ."

"चुकून?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मंग त्या दिवशी हॉलमधी त्या बोंडाची गोष्ट कोनं काढली होती? तूनंच ना?"

मला क्षणभर समजेना. मग आठवलं.

चित्रांच्या जागा ठरवायला काका-काकू मागे एकदा अमरावतीला आले होते, माझी चित्रं हॉलमध्ये यायच्या आधी. मी तोवर दोन-तीन दिवस त्या हॉलमध्ये वावरत होते. दमले की फरशीवर आडवी होत होते आणि वर बघत होते. छत पीओपीचं होतं. चारी कोपऱ्यांत सगळीकडे असतात तसे गुलाब नव्हते. फुटलेली कापसाची बोंडं होती. पाकळ्यांसारखी उघडलेली टरफलं आणि त्यांतून ओघळणारा कापूस, आणि प्रत्येक बोंड थोडं वेगळं. काका हॉलमध्ये आले तसं मी त्यांना उत्साहानं दाखवलं होतं. "काका, वर पाहा. सगळ्यांनी गुलाब केले असते. ह्या माणसानं बोंड केलं. काय डोकं असेल त्याचं! ह्या हॉलमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे, आपली चित्रं मग."

काका वर पाहून लगेच खाली पाहू लागले होते. आणि मॅडमना म्हणाले होते, "वरचे लाइट बंद ठेवाचे. फकस्त चित्रावर पाडा उजेड." मॅडमना ती कलावंताची मिजास वाटली होती. मलाही.

"काकू," मी म्हणाले, "ते छत..."

"त्याईनंच केलं ना," काकू म्हणाल्या. "ठेकेदाराच्या हाताखाली. अमरावतीले तवा जाऊन-येऊन करत होते. गुलाब कराले सांगतले होते, यायनं बोंडं केले. ठेकेदार भल्ला बोंबलला, पन तवरोक सुकले होते. त्या हॉलचं नाव तू काढलं तवा हे नाईच म्हनत होते जायाले. मी म्हनलं, कोनाले मालूम हाय? जा. आन् मंग तू थे बोंडाचं बोलली. आन् आज हे चौकात."

मी उंबऱ्यातच खाली बसले. आता कुठे सगळं उलगडलं. त्यांना वाटत होतं की संग्रहालयात कुणीतरी जुन्या माणसानं त्यांना ओळखलं, मला सांगितलं, मी वर बोट दाखवून त्यांची गंमत केली, आणि आता आम्ही सगळ्यांनी मिळून ती अख्ख्या चौकात टांगली. बोट दाखवलं होतं मीच. त्यांच्या जागेवरून बघितलं तर मी सुद्धा फोन बंद केला असता. चित्रं तर मी स्वतः जाऊन उतरवली असती.

काका आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. तोंड भिंतीकडे.

"आली काय थट्टा पुरी कराले?" त्यांनी मान वळवली नाही.

"काका, मला माहीत नव्हतं. आत्ता काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं."

"शिकून मोठे झाले की लोक खोटंबी नीट बोलतात."

हे मात्र मला झोंबलं. मी फोन काढला, फ्लेक्सवाल्याचा नंबर मॅडमनी दिलेला होता, तो लावला आणि आवाज मोठा करून काकांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. तो माणूस काय बोलेल याचा मला काही भरवसा नव्हता. 'मॅडमनीच तसं सांगितलं' असं अंग झटकून मोकळा झाला असता तर सगळंच संपलं असतं.

"प्रदर्शनाच्या फ्लेक्सवर तुम्ही पी.ओ.पी. काहून लिहिलं?" मी विचारलं. रागात माझी अमरावती सुटते आणि अकोला येतं.

"म्हंजे?" पलीकडून आवाज आला. "तुमीच तं इंग्रजीत पी-ओ-पी लिहून देल्लं होतं. बाकी सारं मराठीत, थेवढंच इंग्रजीत. कसं दिसन थे? मी मराठीत करून देल्लं. वरून गुलाब बी टाकला, त्याचे पैसे नाई लावले. यात चूक कोनती?"

"ते पी-ओ-पी नव्हतं. पॉप होतं. पॉप!"

"पॉप काय असते?"

काकांची मान किंचित वळली.

"बरं झालं फोन केला, मॅडम," तो पुढे म्हणाला. "थे आर्टिस्ट हायेत ना, फोटोतले म्हातारे, त्याईचा नंबर द्या ना. माह्या घराचं छत अर्धं टाकून मिस्त्री पयून गेला. वर पाह्यलं की जीव घाबरते."

आणि काका, भिंतीकडे तोंड केलेले काका, सवयीनं बोलून गेले, "हॉल किती बाय किती हाय?"

बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं. काकू पदर तोंडाला लावून वळल्या. मी घाईघाईनं फोन बंद केला. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून मी तशीच उभी राहिले.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"त्याले खरंच मालूम नाई पॉप काय असते."

"नाही."

"म्हंजे हॉलमधी तवा तुलेबी मालूम नव्हतं. छत कोनाचं हाय थे."

"नव्हतं, काका."

"मंग तू बोंडाले जे बोलली..." ते थांबले. "सगळ्यात चांगली वस्तू म्हनली होती तू."

"खरं होतं म्हणून बोलले."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची इतकी चित्रं मी वाखाणली होती, त्यांवर लेख लिहिले होते, त्यांनी कधी मान हलवून पोच दिली नव्हती. आता त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "कोनीच वर पाह्यलं नाई," ते म्हणाले. "लोक छताखाली बसतात, वर कोन पाह्यते?"

ते उठून आत गेले, आणि आले तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता. "चाल," ते म्हणाले. "पन वरचे लाइट लावाचे."

आम्ही तिघं निघालो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. उद्घाटनाला वेळेवर पोचणं कठीण होतं, मॅडमचे फोन येत होते, आणि तरी माझी धास्ती उशिराची नव्हती. एक धोंडा उतरला होता, दुसरा तसाच होता. रस्त्याच्या कडेनं फ्लेक्समागून फ्लेक्स लागत होते. एक आला की काका तोंड फिरवून दुसऱ्या खिडकीकडे बघत. तिकडेही एक असे.

"हे पाह्य," बोरगाव मंजूच्या पुढे ते म्हणाले, "पाप हाय पाप. तोंडाले पीठ लावल्यावानी दिसतात लेकाचे."

मी गिअर चुकीचा टाकला. काकूंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना माझी चित्रं माहीत होती, मी त्यांना फोनवर दाखवली होती. "काका," मी म्हणाले, "माझ्या चित्रांचं तुम्हाला आधी सांगितलेलं..."

"पाहीन म्हनलं ना."

मूर्तिजापूरला काकूंनी पाणी घ्यायला सांगितलं तर मी थांबले नाही, पुढे गेले, आणि बडनेऱ्यापर्यंत त्या मला बोलत होत्या.

पोचलो तेव्हा पाहुण्यांचं भाषण चालू होतं. फाटकावरचा फ्लेक्स मॅडमनी उतरवून घडी करून भिंतीशी ठेवला होता. हॉल भरलेला, वर अंधार, भिंतींवर चित्रापुरते उजेड. काका सरळ मधून चालत गेले. पाहुणे बोलता बोलता थांबले.

"बटन कोठी हाय?" काकांनी मॅडमना विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतः जाऊन बटण दाबलं आणि वरचे सगळे दिवे लागले. सगळ्या माना एकदम वर गेल्या.

"हे छत मी केलं," काका म्हणाले. "पोटासाठी केलं. चित्रंबी माह्येच हायेत. मधी झोपलो नव्हतो. आता पाहून घ्या."

एवढंच. टाळ्या वाजल्या, कुणीतरी बोंडाकडे बोट दाखवलं, लोक लहान मुलांना वर उचलून दाखवायला लागले. मला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं, कारण काका आता वळले होते आणि माझ्या चित्राकडे निघाले होते. सगळ्यांत मोठ्या. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात पाहिलेला एक ढीग, तुरीचा, त्यावर झाकलेला फाटका फ्लेक्स. फ्लेक्सवर कुणा भावी पुढाऱ्याचं अर्धं तोंड, आणि ढिगाच्या उतारावर ताणला गेलेला त्याचा एक डोळा, माझ्या उंचीएवढा.

ते समोर उभे राहिले. मग जवळ गेले, इतके जवळ की नाक लागेल. मग मागं आले. त्या डोळ्यावरून त्यांची नजर काठाकाठानं फिरली, पापणी, बुबुळ, बुबुळातला उजेडाचा ठिपका. त्यांना कळत होतं तो डोळा मी कुणाकडून शिकले. त्यांना हेही कळत होतं की तो कशावर छापलेला आहे. मी त्यांच्या मागं उभी होते आणि लहानपणी कुंपणाशी धरत असे तसा श्वास धरला होता.

"हे फ्लेक्स हाय," ते म्हणाले.

"हो, काका."

"आन् हातानं काढलं."

"हो."

"कित्ती दिवस लागले?"

"उन्हाळाभर."

"मशीन चहा होईस्तोवर काढते."

"हो."

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. मग मिशीचं एक टोक हललं.

"म्हंजे," ते म्हणाले, "तूबी वाया गेली."

आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. निदान काकांच्या तोंडून तरी नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि सगळ्या हॉलसमोर मी ते ओढणीनं पुसत राहिले. काका मला गप्प करायला गेले नाहीत. ते चित्राचा डावा कोपरा बघत होते, तिथली सावली त्यांना पटलेली नव्हती, आणि ते त्यांनी लगेच सांगितलंही.

गर्दी थोडी कमी झाली तेव्हा दारातून एक जाडजूड गृहस्थ आत आले. पाठोपाठ त्यांची बायको, हातात मोबाइल, मोबाइलवर अर्ध्या छताचा फोटो. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. दुपारी फोनवर बोललेला फ्लेक्सवाला. आल्या आल्या त्यानं वर पाहिलं, बोंडं पाहिली आणि बायकोला कोपर मारून दाखवली. मग आमच्याकडे आला.

"यातले पीओपी आर्टिस्ट कोन?" त्यानं विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता पुन्हा काहीतरी फुटणार. मॅडमही दुरून बघत होत्या.

काकांनी माझ्या कोपराला धरून मला आपल्या शेजारी ओढलं. "आमी दोघं," ते म्हणाले.